सिस्टर, तुम्ही झोपायच्या का हो?

मैत्रिणींनो, 22 मार्च 2020 ला आपण ओट्यावर उभ्या राहून थाळ्या वाजवल्या. पुढे जळगावात रुग्ण वाढले, तशी ड्यूटीवरून येणाऱ्या शेजारच्या सिस्टरला पाहून त्याच ओट्यांवरची दारं लागू लागली. माझंही लागलं, खोटं कशाला बोलू!

योगायोग पाहा, 2020 हे जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलेलं परिचारिकांचं वर्ष होतं. किट चढवायचं-उतरवायचं कसं, ते शिकवता येतं. पण डोळ्यांदेखत माणूस गेल्यावर घरी येऊन भाकऱ्या कशा थापायच्या?

शहरात निदान सोबतीला दुसरी सिस्टर असते. शिरपूर-चोपड्याकडच्या सातपुड्याच्या पाड्यांवर उपकेंद्राची नर्सबाई बहुधा एकटीच. तापाची पाहणी तिनं करायची, बाळंतपणं तिचीच, 2021 मध्ये लस आली तर अफवांना तोंडही तिनंच द्यायचं.

जळगाव-धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. तिथले मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा तालुक्याला, फक्त नर्सबाईंसाठी पाठवायला असा काय खर्च येतो? त्यासाठी पुढच्या साथीची वाट कशाला पाहायची?

आमच्या सिस्टर अजूनही आधी न्हाणीत जातात, मग नातवाला घेतात. परवा मी पहिल्यांदाच विचारलं, "ताई, तेव्हा तुम्ही झोपायच्या का हो?" त्या बोलत राहिल्या. चहा गार झाला.