चिमूटभर, कणभर, तसूभर

मागच्या महिन्यात खाप्याला आईकडे गेलो होतो. सातवीतली भाची मोठमोठ्याने पाठ करत बसली होती. "अ पिंच ऑफ सॉल्ट, अ स्पेक ऑफ डस्ट, अ ग्रेन ऑफ ट्रूथ." चाचणीत तिने 'अ स्पेक ऑफ सॉल्ट' लिहिलं म्हणून लाल गोल आणि मार्क गेला. कोणत्या थोड्याला कोणता शब्द, हे चुकून चालत नाही म्हणे.

तेवढ्यात आतून आईचा आवाज, "वरणात कणभर हिंग टाक वं."

पोरीने अर्धा चमचा हिंग ओतला. पुढे त्या वरणाचं काय झालं ते विचारू नका. आई एवढंच म्हणाली, "काहून वं, हिंगाचंच वरण करतं काय?"

तेव्हापासून डोकं तापलंय. इंग्रजीवर नाही, आपल्यावर. इंग्रजीतल्या जोड्या म्हणजे व्याकरण, त्याला मार्क. मराठीतल्या म्हणजे आजीबाईंची बडबड. हा कुठला न्याय?

आपल्याही जोड्या तितक्याच कडक आहेत, मंडळी. पाणी घोटभर, भात घासभर. 'घासभर पाणी' म्हणून बघा, जीभच अडखळते. हळद चिमूटभर, जागा तिळभर, अक्कल रतीभर (तीही नसतेच!). माणूस आपल्या मतावरून तसूभर हलत नाही, पण आमटीत तसूभर मीठ कुणी टाकत नाही. कारण तसू हे लांबीचं माप, गजाचा चोविसावा भाग. रती म्हणजे गुंज. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, म्हणजे एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम. आमचं खापं विणकरांचं गाव, सूत म्हटलं की आधी धागाच आठवतो. पण सुतार 'सूतभर घास' म्हणतो तेव्हा त्याला इंचाचा आठवा भागच हवा असतो. यातलं काहीही अंदाजपंचे नाही.

कुणी म्हणेल, मापं गेली तसे शब्दही जाणारच. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक आलं, तोळे-मासे सुटले. मग इंग्रजांनीही मेट्रिक घेतलंच की, तरी त्यांच्या बोलण्यातला इंच आणि औंस कुठे गेला? माप मेलं तरी शब्द जगतो, फक्त वापरणारा लागतो.

दुसरा आक्षेप, चमचा जास्त अचूक. अर्धा चमचा जायफळ ठीक आहे. पण बाळगुटी उगाळताना बायका वेढे मोजायच्या, सहाणेवर याचे दोन, त्याचा एक. (गुटी द्यावी की नाही ते डॉक्टरांना विचारा, मी मापाबद्दल बोलतोय.) तेवढं थोडं चमच्यात मावतं तरी का? आणि आपण या सगळ्यांच्या जागी काय आणलं? 'थोडंसं'. मीठ थोडंसं, जागा थोडीशी, शंका थोडीशी. सगळ्या कुलपांना एकच किल्ली, म्हणून एकही कुलूप नीट उघडत नाही.

मी स्वतः याच पापाचा धनी आहे. आजी असताना तिच्या लिंबाच्या लोणच्याची कृती मी फोनवरून वहीत उतरवली होती. ती सांगत होती चिमूट, बोटाचं पेर, पळी. मी शहाणा, घाईत लिहीत गेलो 'थोडंसं'. आजी गेल्यावर वही उघडली, तर एका पानावर पाच वेळा 'थोडंसं'. ते लोणचं आमच्या घरात पुन्हा झालं नाही. आईने तिच्या पद्धतीचं करून पाहिलं, छान झालं, पण ते आजीचं नव्हतं.

म्हणून मावशी, काकू, ताई, आणि तुम्ही सगळे लिहिणारे, एक करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने 'एवढंसं' म्हटलं की 'एवढंसं म्हणजे केवढं?' असं विचारा, आणि मिळालेला शब्द जसाच्या तसा लिहून ठेवा. त्याचं 'थोडंसं' करू नका.

भाचीला मी सांगितलंय, चाचणीत पिंच लिही, मार्क घे. पण हिंग टाकताना आजीची चिमूट बघ.

असो. आईला जाऊन कणभरही फरक पडलाय का, ते दिवाळीला कळेल.