देवाची धार आणि धंद्याची दारू



मागच्या बैठकीत प्लॉटच्या दाव्यांचं काम संपलं तेव्हा एक पोरगा उठला आणि बोलला, "संघटना सांगते दारू सोडा. मग माझ्या बहिणीच्या लग्नात देवाला धार कशाची टाकू? पाण्याची?" सगळे हसले. पण उत्तर कोणाला देता आलं नाय. मागे बसलेली एक बाय बोलली, "धार देवाला आणि मार आमाला." मग कोणीच हसलं नाय.

त्या दिवसापासून आम्ही तरुण कार्यकर्ते या गोष्टीवर बोलतो आहोत. आमचं मत इथे मांडतो. पटलं नाय तर पुढच्या बैठकीत आमच्याशी भांडा, पण गप्प बसू नका.

पहिलं खरं सांगून टाकतो. आमच्यातल्या कोणालाच मोहाची काढता येत नाय. आम्ही आश्रमशाळेत वाढलो. प्यायला शिकलो ती नाक्यावर, विकतची. म्हणून आम्ही चौघं जण पाड्यातल्या एका आजीबायकडे गेलो आणि म्हटलं, आमाला दाखव. ती बोलली, "पयले फुलं वेचायला या, मंग बघू."

फाल्गुन-चैत्रात फुलं पहाटे गळतात. उजाडायच्या आत जाऊन वेचायची, नाय तर गुरं खातात. तीन दिवस वेचली, अंगणात वाळवली, तेव्हा कुठे एका मडक्यापुरती झाली. मग ती पाण्यात भिजत घातली. उन्हाळ्यात चार-पाच दिवस लागतात, थंडीत जास्त. फुलं फसफसतात, वर फेस येतो, आंबूस वास सुटतो. आम्ही दुसऱ्याच दिवशी चूल पेटवायला निघालो, तर आजीबाय रागावली. फसफस थांबल्याशिवाय चुलीवर चढवायचं नाय. आणि आच मंद पाहिजे. घाई केली तर मडक्याला लागतं आणि सगळं फुकट जातं. एवढं करून हाती आलं ते दोन बाटल्या पण नाय.

आम्ही विचारलं, लवकर आणि जास्त निघावी म्हणून काय टाकायचं? ती बोलली, "काय नाय टाकायचं. फुलं आणि पाणी. एवढी फुलं उकडून खाल्ली असती तर चार दिवस घर जेवलं असतं. म्हणून सणाला काढायची, लग्नाला काढायची. रोज कोण काढल?"

हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. मोह हे आधी पोटाचं झाड आहे. पावसाळ्याच्या तोंडाला कणगी रिकामी होते तेव्हा हीच वाळवलेली फुलं घर तारतात. फुलं मोजकी, मेहनत मोठी, म्हणून पिणं पण मोजकं होतं. हिरवा देवाला, वाघदेवाला, मेलेल्या वाडवडिलांना धार टाकायची, मग सगळ्यांनी मिळून थोडी घ्यायची.

आता नाक्यावरची दारू बघा. तिच्यात मोहाचं फूल पण नसतं. काळा गूळ, नवसागर, आणि कधी काय काय टाकतात ते विकणाऱ्यालाच माहीत. १९९१ साल संपता संपता मुंबईत विक्रोळीला विषारी दारूने कितीतरी गरीब माणसं मेली. ते विष फुलातून आलं नव्हतं. कारखान्याचं स्पिरिट दारूत मिसळलं की असं होतं. धंदेवाल्याला सण नसतो, मोसम नसतो. तो रोज काढतो आणि उधारीवर देतो. उधारी कशात फेडायची? भातात, मजुरीत. आमच्या ओळखीच्या एका माणसाने दंडाच्या जुन्या पावत्या गुत्तेवाल्याकडे ठेवल्या. त्याच पावत्या प्लॉट कसत असल्याचा पुरावा होत्या. दावा लिहायची वेळ आली तेव्हा हातात कागद नव्हता. साथींनो, जमीन अशी पण जाते.

ही गोष्ट नवीन नाय. इंग्रजांनी १८७८ साली अबकारी कायदा केला. घरी दारू काढणं गुन्हा झालं आणि मक्तेदाराची दारू विकत घेणं कायदेशीर झालं. तरी लोक घरी काढतात म्हणून १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा आणला. झाड आपलं, फूल आपलं, आणि साठवलं तर चोर आपण! आपल्या तब्येतीची काळजी म्हणून हे केलं नव्हतं, सरकारी तिजोरी भरायला केलं होतं. दारूचा मक्ता ज्यांच्याकडे गेला त्यांच्याकडेच पुढे जमिनी पण जमा झाल्या. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराचं कर्ज काढायचं आणि नवरा-नवरीने त्याच्याकडे लग्नगडी म्हणून राबायचं. १९४५ च्या उठावात आपल्या लोकांनी ही पद्धत मोडली.

त्याच्याही आधी, १९२२ साली, पालघरच्या समुद्रकाठून देवीची चळवळ सुरू झाली आणि पुढे सुरत जिल्ह्यातल्या आदिवासींपर्यंत पोचली. देवीचा हुकूम होता, दारू-ताडी सोडा. लोकांनी हजारोंनी सोडली. गुत्ते ओस पडले आणि गुत्तेवाल्यांचा तोल गेला. पुढे काही जण परत प्यायला लागले, ते पण खरं. पण एक गोष्ट दिसली, की आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं तर धंदा बसतो.

स्वातंत्र्य आलं, पण १९४९ चा दारूबंदी कायदा आला तो मोहाच्या फुलांवरची बंधनं घेऊनच. १९७५ साली केंद्र सरकारने राज्यांना कळवलं, की आदिवासी भागात दारूची व्यापारी विक्री बंद करा आणि लोकांना घरच्या वापरापुरती पारंपरिक दारू काढू द्या. आपल्याकडे झालं उलटं. नाक्यावरचा गुत्ता चालू आणि म्हातारीच्या घरात मडकं सापडलं तर केस. मोर्चा जवळ आला की धाडी कशा वाढतात, ते तुम्ही बघितलंच आहे. म्हणून उघड सांगतो, घरी काढणं आज पण कायद्याने गुन्हा धरतात. हे विसरून कोणी फुशारकी मारू नये.

पण १९९६ साली अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा झाला. त्यात दारूबंदी करायची किंवा दारूची विक्री आणि पिणं यांवर बंधन घालायचं, हा अधिकार ग्रामसभेला द्यायला सांगितलं आहे. गौण वनोपजाची मालकी पण. म्हणजे मोहाचं काय करायचं हे जमादाराने नाय, गुत्तेवाल्याने नाय, गावाने ठरवायचं.

आमचं म्हणणं असं. विकतची दारू पाड्यात येऊ द्यायची नाय, आणि पाड्यातली विकायची पण नाय. देवाला आणि लग्नाला धार लागते तर ती फुलांची, गूळ-नवसागराची नाय. किती काढायची ते ग्रामसभेत ठरवायचं. पंचनाम्याच्या, मोर्चाच्या आणि बैठकीच्या दिवशी कोणी पिऊन आला तर त्याला परत पाठवायचं, कार्यकर्ता असला तरी.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. ग्रामसभेत या विषयावर आधी बायांनी बोलायचं. त्या बोलल्या, एक थेंब पण नको, तर एक थेंब पण नको. मार त्यांनी खाल्ला आहे, रेशनचे पैसे त्यांच्या हातातून गेले आहेत. आपली रीत आहे असं सांगून त्यांचं तोंड बंद करायला आम्ही तयार नाय. धवलेरी पण बाईच असते ना? तिच्याशिवाय आपलं लग्न लागत नाय. मग तिला विचारल्याशिवाय मडकं कसं चढल?

त्या पोराला आमचं उत्तर हे: बहिणीच्या लग्नाला धार टाक. पण फुलं तू वेच, आधी आईला आणि बहिणीला विचार, आणि नाक्यावर जाऊ नको. त्या दोघी नको बोलल्या, तर पाण्याची टाक. देव रागावला तर आम्ही भगताशी बोलू.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. काय ठरलं ते आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.

जिंदाबाद!