नकाशाला नेमकं काय विचारलं?

कॉलेजजवळ रूम शोधताना तुम्ही ॲपवर काय करता? नकाशावर कॉलेजभोवती बोटाने एक गोल काढता. भाड्याची पट्टी आठ हजारांपर्यंत सरकवता. 'फर्निश्ड', 'दोघांसाठी' अशा दोन-तीन चौकटींत टिक मारता. झालं! एका अवाढव्य डेटाबेसला तुम्ही प्रश्न विचारलात आणि त्यासाठी कोडची एक ओळही लिहिली नाही. लिहून विचारण्याऐवजी चित्रातून, क्लिकमधून विचारलेल्या या प्रश्नाला 'व्हिज्युअल क्वेरी' म्हणतात.

आता गंमत बघा. गोलात आलेली रूम बघायला जाता, तर ती नदीच्या पलीकडे निघते. सरळ रेषेत ४०० मीटर, पण पूल गाठून जायचं तर दीड किलोमीटर. ॲप खोटं बोललं का? नाही. तुमच्या मनात 'चालत किती लांब' असं होतं. गोल काढून तुम्ही विचारलंत 'हवेतून किती लांब'. उत्तर बरोबर होतं, प्रश्न चुकला होता.

रूमच्या बाबतीत फार तर चप्पल झिजते. पण असाच प्रश्न अख्ख्या सह्याद्रीबद्दल विचारला जातो, तेव्हा?

पश्चिम घाटाचं उदाहरण घ्या. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यांनी घाटावर साधारण नऊ किलोमीटरच्या चौकोनांची जाळी टाकली, प्रत्येक चौकोनाला गुण दिले आणि तालुका हे एकक धरून संपूर्ण घाट संवेदनशीलतेच्या तीन पातळ्यांत विभागला. मग आली के. कस्तुरीरंगन यांची समिती. तिचा अहवाल २०१३ चा. तिने उपग्रह चित्रांवरून आधी नैसर्गिक भूभाग आणि माणसाच्या वापरातला भूभाग वेगळा केला आणि एकक धरलं गाव. गावाचं २० टक्के किंवा त्याहून जास्त क्षेत्र संवेदनशील असेल, तर गाव यादीत. या हिशोबात घाटाचा साधारण ३७ टक्के भाग बसला.

डोंगर तेच, पण दोन समित्यांची उत्तरं कुठच्या कुठे. कारण विचारलेला प्रश्न वेगळा होता. हे दोन्ही अहवाल म्हणजे, आपल्या भाषेत, दोन क्वेरीच की!

यात पणाला काय लागलंय? केंद्राने या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये काढला आणि सहावा ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या भूस्खलनाच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० आणि गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर आहेत. या क्षेत्रात खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प आणि सर्वाधिक प्रदूषण करणारे 'रेड' वर्गातले नवे उद्योग यांवर बंदी प्रस्तावित आहे. म्हणजे २० टक्क्यांच्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, यावर एखाद्या गावात दगडखाण येईल की नाही हे ठरू शकतं. तो आकडा २० ऐवजी ४० असता तर? तुमचं आजोळ यादीत राहिलं असतं का? हा प्रश्न तुम्हाला स्वतः तपासता यायला हवा.

याद्यांची दुसरी बाजूही आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी संभाव्य दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. यादी म्हणजे कुणीतरी, कधीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. त्या प्रश्नात ते ठिकाण बसलं नाही, एवढाच होतो.

मग हे प्रश्न विचारण्याचा अधिकार फक्त कोड येणाऱ्यांकडेच का असावा? हाच विचार संशोधकांनी फार पूर्वी केला. १९७० च्या दशकात आयबीएममधल्या मोशे झ्लूफ यांनी 'क्वेरी बाय एक्झाम्पल' मांडलं: कोड लिहू नका, रिकाम्या तक्त्यात नमुना भरा, बाकी मशीन बघेल. १९९० च्या दशकात अमेरिकेत मेन विद्यापीठातल्या मॅक्स एगेनहोफर यांनी नकाशांसाठी पुढचं पाऊल टाकलं: हवं ते रेखाटा, त्या चित्रासारखी जागा डेटाबेस शोधेल. दोन भूभागांमधली नाती त्यांनी आठ प्रकारांत बसवली. वेगळे असणं, कडेला चिकटणं, एकमेकांवर येणं, एक दुसऱ्याच्या आत असणं, वगैरे.

पण चित्राची एक खोड आहे. 'गावाजवळून नदी जाते' असं वाक्य बोललात, तर नदी पूर्वेला की पश्चिमेला हे न सांगता चालतं. कागदावर मात्र ती कुठेतरी काढावीच लागते. मग तुम्ही ती डावीकडे काढलीत, ती मुद्दाम की सहज? मशीनला कसं कळणार? चित्र नकळत जास्तीचं बोलून जातं. व्हिज्युअल क्वेरीचे अभ्यासक या गोंधळाशी झगडत आलेत.

आज याच कल्पना तुमच्या लॅपटॉपवर फुकट आहेत. 'क्यूजीआयएस' हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात 'सिलेक्ट बाय लोकेशन' उघडा. दोन थर निवडायचे, समजा गावं आणि जंगल, आणि चौकटींत टिक मारायची. 'इंटरसेक्ट'वर टिक केलीत तर जंगलाला नुसती शिवणारी गावंही येतील. 'आर विदिन'वर केलीत तर पूर्णपणे जंगलात असलेलीच येतील. एक टिक बदलली की यादी बदलली. आता कस्तुरीरंगन समितीचा २० टक्क्यांचा निकष आठवा. तो या दोन टोकांच्या मधला एक प्रश्न आहे. तिथे का थांबायचं, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते माणसं ठरवतात, म्हणून त्यावर वादही घालता येतो.

सॉफ्टवेअर टाकायचा कंटाळा आला, तर ब्राउझरमध्ये 'ओव्हरपास टर्बो' उघडा. त्याच्या विझार्डमध्ये जिल्ह्याचं नाव घालून हॉस्पिटलं मागा. तो स्वतःच क्वेरी लिहून समोर ठेवतो. डेटा येतो 'ओपनस्ट्रीटमॅप'मधून, म्हणजे २००४ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी भरत आणलेल्या नकाशातून. इथेही सावध राहा. नकाशावर दवाखाना दिसला नाही, म्हणजे तो नाहीच असं नाही. कदाचित कुणी भरला नसेल.

आणखी एक नेहमीचा खड्डा. नकाशा अक्षांश-रेखांशांत असेल आणि अंतराच्या चौकटीत तुम्ही ५०० टाकलेत, तर ते ५०० मीटर नसतात, ५०० अंश असतात! अक्षांशाचा एक अंशच सुमारे १११ किलोमीटरचा. त्यामुळे आधी नकाशा मीटरवाल्या पद्धतीत आणायचा. त्यातही मुंबई-पुणे यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येतात आणि नागपूर ४४ व्या.

हे सगळं आत्ताच का शिकायचं? १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय कंपन्या-संस्थांसाठी नकाशे बनवण्यावरची पूर्वपरवानगीची अट बव्हंशी उठवली. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आलं. नकाशांचा डेटा वाढतच जाणार आहे आणि निर्णयही त्यावरूनच होणार आहेत. दुसरीकडे एआय आलाय. 'मोठ्या हॉस्पिटलपासून लांब असलेली गावं दाखव' असं साध्या मराठीत टाइप करा, देखणा नकाशा हजर. पण 'लांब' म्हणजे दहा किलोमीटर की तीस? हवेतून की रस्त्याने? 'मोठं' म्हणजे किती खाटांचं? तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणजे त्याने परस्पर ठरवलं. टिक मारताना निदान टिक दिसत तरी होती. म्हणून एआयकडून नकाशा घेतलात की लगेच म्हणा, आता तू वापरलेली क्वेरी दाखव.

पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर रंगीत नकाशा ठेवेल, मग ते रिंग रोडचं सादरीकरण असो, पूररेषा असो की संवेदनशील गावांची यादी, तेव्हा रंग बघून गप्प बसू नका. तीन गोष्टी विचारा. एकक काय धरलं? रेषा कुठे मारली आणि तिथेच का? डेटा कधीचा? उत्तर मिळालं नाही, तर डेटा मागा आणि लॅपटॉप उघडून तीच क्वेरी स्वतः चालवून बघा. आकडा बदलल्यावर कुठली गावं आत येतात आणि कुठली बाहेर जातात, हे दिसलं की ग्रामसभेत किंवा हरकतीच्या अर्जात काय लिहायचं ते तुम्हाला आपोआप सुचेल.