डबा बसवा नाहीतर बसवू नका, पण ब्रीदर उघडा सोडू नका



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. ज्या गाडीवर आपली टोमॅटोची कॅरेट, दूध आणि खताच्या गोण्या चालतात ती गाडी पण शेतीच आहे. त्यामुळं विषय सोडून लिहिलं असं कुणी म्हणू नये.

सध्या गावातली पोरं मोबाईलवर एकच गोष्ट बघतायत, इंजिनाला ऑइल कॅच कॅन. म्हणजे तेल अडवायचा डबा. ऑनलाइन मागवा, घरीच अर्ध्या तासात बसवा, ॲव्हरेज वाढतं, पिकअप वाढतो, इंजिन नव्यासारखं होतं म्हणे. दुसऱ्या बाजूला काही गॅरेजवाले सांगतात, "डबा कशाला? ब्रीदरची नळी काढ, खाली सोडून दे, विषय संपला." माझं भांडण दोघांशी आहे, पण दुसऱ्याशी जास्त. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात इंजिन जातं.

आधी ब्रीदर कशाला असतो ते बघू. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा जळका गॅस त्यांच्या कडेनं खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच. त्यात पाण्याची वाफ असते. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन तयार होतं, त्यातला थोडा भाग खाली जातो. हा गॅस बाहेर काढला नाही तर आत दाब वाढतो आणि ऑइल सील फुटतात. म्हणून टॅपेट कव्हरवरून एक नळी निघते आणि एअर फिल्टरच्या पुढं, टर्बोच्या आधी हवेच्या पाइपला जुळते. गॅस परत इंजिनात जाऊन जळतो. पूर्वी तो सरळ हवेत सोडायचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात धुरक्यानं लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा १९६१ पासून तिथल्या नव्या गाड्यांत तो परत इंजिनात वळवायला सुरुवात झाली. पुढं ही रीत सगळीकडं आली.

या गॅसबरोबर ऑइलचे बारीक थेंब पण येतात. टर्बो डिझेलमध्ये ते इंटरकूलरमध्ये साचतात. पुढं मॅनिफोल्डमध्ये ईजीआरची काजळी त्यांना भेटते आणि डांबरासारखा थर धरतो. हवेची वाट अरुंद होते. तेवढं तेल वाटेतच अडवायचं, हे डब्याचं काम. एवढंच. डबा अडवतो, दुरुस्त करत नाही.

आता ब्रीदर खाली सोडणाऱ्यांचं बघू. ते म्हणतात, "जुन्या ट्रॅक्टरचा ब्रीदर खालीच सुटलेला असतो, त्याला काय होतंय?" अहो, त्या ट्रॅक्टरच्या हवेच्या पाइपला ब्रीदरचं भोकच नसतं. तुमच्या गाडीला असतं. नळी काढली की ते भोक उघडं पडतं, आणि ते एअर फिल्टरच्या पुढं आहे. म्हणजे फिल्टर कितीही भारीतला असू द्या, या भोकातून कच्च्या रस्त्याचा फुफाटा न गाळता आत जातो. आमच्या भावकीतल्या एका पिकअपला गॅरेजवाल्यानं तिथं चिंधीचा बोळा कोंबून दिला होता. ऊसतोडीच्या हंगामात शेतरस्त्यावर फिरून बोळा कधी गळाला ते कुणाला कळलंच नाही. रिंगा घासल्या, टर्बोच्या पंख्याची पाती झिजली, आणि शेवटी इंजिन खोलायची वेळ आली. वर गॅरेजवाला म्हणतो, "गाडीच जुनी झाली."

पीयूसीत हे कुणी पकडत नाही, तिथं फक्त सायलेन्सरच्या तोंडचा धूर मोजतात. पण बॉनेटखाली सोडलेला तो गॅस केबिनमध्ये येतो आणि आपल्या मांडीवर बसलेलं पोर तो ओढतं. ते कुठल्या मशीनवर मोजणार?

आता डबा विकणाऱ्यांचं. बहुतेक स्वस्त डबे आतून रिकामे असतात. गॅस एका तोंडानं आत येतो, दुसऱ्या तोंडानं तसाच निघून जातो, तेल थांबणार कशाला? आत आडवी पत्र्याची भिंत पाहिजे, गॅसला वळण घ्यावं लागलं तरच थेंब भिंतीला चिकटतात. ते नसलं की पोरं त्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबतात. त्या घासणीची एक तार सुटली की ती सरळ टर्बोत. जाळी घालायचीच तर स्टीलची, घट्ट पक्की केलेली, आणि बाहेर जाणाऱ्या तोंडापासून लांब.

दुसरं म्हणजे तोंडाचा व्यास. मूळ नळी आतून १९ मिमीची आणि डब्याचं तोंड १० मिमीचं असलं, तर वाट पाव भागाच्या थोडीच वर उरते. दोन इंची पाइपलाइनला एक इंची तुकडा जोडल्यावर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. इथं पण तसंच, मागं दाब तुंबतो. डिपस्टिक वर येते, सील गळतात, टर्बोचं ऑइल खाली उतरत नाही. मग मिस्त्री टर्बो बदलायला सांगतो.

एवढं सगळं समजून कुणाला बसवायचाच असेल तर अशी रीत धरा. इंजिन गार असताना काम करा. टॅपेट कव्हरकडची नळी डब्याच्या आत येणाऱ्या तोंडाला, आणि बाहेर जाणाऱ्या तोंडाची नळी परत हवेच्या पाइपला, जिथं मूळची जुळत होती तिथंच. नळी तेलाला टिकणारी रबरी घ्या. ठिबकची नळी किंवा लेव्हलची पारदर्शक नळी नको, ती गरम तेलानं मऊ पडते आणि ओढीनं चपटी होते. नळीला मध्ये झोळ पडू देऊ नका, तिथं पाणी साचतं. डबा बॉडीला पट्टीनं पक्का करा, सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब, हवा लागेल अशा जागी. जोडाला क्लिप लावा, बाइंडिंग वायर नाही. हवेच्या बाजूचा प्रत्येक जोड हलवून बघा, कारण तिथली फट म्हणजे परत तोच फुफाटा.

आणि ज्यांची गाडी वॉरंटीत आहे त्यांनी हातच लावू नका. साधं पेट्रोल इंजिन, ज्यात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागं फवारलं जातं, त्याला पण याची फारशी गरज नाही. पेट्रोलच व्हॉल्व्ह धुऊन काढतं. बऱ्याच नव्या इंजिनांत टॅपेट कव्हरमध्येच तेल अडवायचे कप्पे असतात, ते आधी विचारून घ्या.

बसवल्यावर खरं काम चालू होतं. ठिबकला सँड फिल्टर बसवून बॅकवॉश न करणारे आपल्यात कमी नाहीत. तिथं ड्रीपर तुंबतात, इथं त्याहून वाईट. डबा काठोकाठ भरला आणि गाडी चढाला कलली की ते तेल एकदम इंजिनात ओढलं जातं. डिझेल इंजिन मग स्वतःच्याच ऑइलवर पळतं. चावी काढली तरी बंद होत नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल बाथ फिल्टरमध्ये खुणेच्या वर तेल भरलं की काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. अशी वेळ आलीच तर वरचा गिअर टाकून ब्रेक दाबून धरा आणि क्लच सोडून इंजिन पाडा. हवेच्या तोंडावर हात ठेवायचा नाही.

माझ्या टर्बो डिझेल पिकअपचा डबा मी पहिल्यांदा ५०० किमीला उघडला, आता दर १,००० किमीला उघडतो आणि किती निघालं ते फवारणीच्या वहीतच मागच्या पानावर लिहितो. अर्ध्याच्या वर कधी जाऊ देत नाही. थंडीत पांढरट, ताकासारखं निघतं, ते वाफेचं पाणी असतं. पण डिपस्टिकवर पण पांढरं दिसलं आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असलं तर हेड गॅस्केट तपासा. आणि नेहमीपेक्षा एकदम दुप्पट तेल यायला लागलं तर मोठा डबा शोधू नका, रिंगा तपासून घ्या.

निघालेलं तेल परत इंजिनात ओतायचं नाही, त्यात पाणी आणि आम्ल असतं. बांधावर, तणावर, विहिरीकडच्या चारीत तर अजिबात नाही. कॅनमध्ये साठवा आणि जळकं ऑइल रीतसर घेणाऱ्याला द्या. माती परीक्षणाला नमुने पाठवायचे आणि त्याच मातीत जळकं ऑइल ओतायचं, हे आपणच थांबवलं पाहिजे.

ज्याच्याकडून दर महिन्याला डबा उघडून बघणं होणार नाही, त्यानं मूळची नळी आहे तशी ठेवावी, दर सर्व्हिसला तिच्या क्लिपा घट्ट करून घ्याव्यात. तेवढ्यानं पण गाडी बरीच वर्षं चालते. ज्यांच्या गाडीचा ब्रीदर आज खाली सोडलेला आहे, त्यांनी उद्या सकाळी बाजाराला निघायच्या आधी बॉनेट उघडा आणि हवेच्या पाइपला ते भोक बंद आहे का उघडं ते आधी बघा.