‘घरचीच आहे, घ्या हो थोडी’ : हे वाक्य आता बंद करा

पोस्ट लांब आहे आणि काहींना झोंबेल. झोंबली तर खाली लिहा, पण आधी पूर्ण वाचा.

२०२० च्या टाळेबंदीत दुकानं बंद झाली आणि आपल्या मराठी घरांत एक नवी हौस शिरली. कुणी अननसाची वाइन केली, कुणी जांभळाची, कुणी कोकमाची. यूट्यूब बघून, लोणच्याच्या बरणीत, वर फडकं बांधून. टाळेबंदी संपली, हौस राहिली. गोव्यात आमच्याकडे, बेळगावात, इंदूरला, हैदराबादला, जिथे जिथे आपले सोयरे आहेत तिथे आता एक तरी भाचा किंवा जावई असा निघतो, जो जेवणाआधी कपाटातून बाटली काढतो आणि म्हणतो, “काका, घरचीच आहे, घ्या हो थोडी.”

माझं भांडण त्या बाटलीशी नाही, त्या वाक्याशी आहे.

आधी एक स्पष्ट करतो, नाहीतर लगेच कुणी मला व्यसनमुक्तीचा प्रचारक ठरवेल. मी फोंड्याचा माणूस. मार्च-एप्रिलात काजूचे बोंडू पिकले की भाटीचा वास ज्या गावांत हवेत असतो, तिथे वाढलो. बोंडू तुडवून, लगदा दाबून जो निरो गळतो तो सकाळी ताजा प्यायचा, तो लहान-थोर सगळ्यांचा. दुपार कलली की तोच निरो आपणहून आंबू लागतो, मग तो पोरांना मिळत नसे. पहिल्या धारेचा उर्राक साधारण १५ टक्क्यांचा, पुन्हा गाळलेली फेणी ४२ च्या पुढची. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे. मोसमात लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का घालून एक ग्लास उर्राक मी आजही घेतो. तेव्हा सोवळ्यातून बोलत नाही.

पण आमच्या जुन्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. कुठल्या भांड्यात काय आहे, कुठल्या वेळी ते काय होतं आणि कुणाला ते द्यायचं नाही. नव्या हौशी मंडळींनी बरणी उचलली, हे ज्ञान मागे ठेवलं.

आता जरा हिशेब करू, तीस-पस्तीस वर्षं तेच केलंय. वाइनच्या कृतीत पाच लिटरला एक किलो साखर सर्रास सांगतात. म्हणजे लिटरला २०० ग्रॅम. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. म्हणजे सगळी साखर आंबली तर जवळजवळ १२ टक्के, फळातली साखर वेगळीच. १५० मिलीचा एक ग्लास घेतलात तर पोटात १८ मिली शुद्ध अल्कोहोल गेलं. ३० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगात ते १३ मिलीच्या आत असतं. म्हणजे “अहो, ज्यूसच आहे हा” म्हणून वहिनींच्या हातात दिलेला ग्लास हा जवळजवळ दीड पेग झाला. वहिनींना हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. साखर पूर्ण आंबली की अर्धीच, हे करणाऱ्यालाही माहीत नसतं, कारण मोजायचा हायड्रोमीटर घरात नाही. चाळीस लाखांचं कर्ज असो की चाळीस हजारांचं, आकडा न दाखवता कुणाची सही घेतली तर त्याला आम्ही बँकेत फसवणूक म्हणायचो.

“घरची” हा शब्द म्हणजे जणू जामीनदार झालाय. घरचं तूप, घरचा मसाला, घरचं लोणचं, म्हणजे शुद्ध, निर्भेळ, बाधणार नाही असं. पण यीस्टला घर आणि कारखाना यांतला फरक कळत नाही. साखर मिळाली की ते अल्कोहोल करतं, तुमच्या आईच्या बरणीत असलं तरी.

दुसरी गोष्ट आग्रहाची. आपल्या पंगतीत आग्रह हा गुण मानला. पानात जिलबी वाढताना पाहुणा दोन्ही हात आडवे धरतो, तरी एक पडतेच, आणि त्यात प्रेम असतं. हीच रीत बाटलीला लावली की प्रेम उरत नाही. माझे एक जुने सहकारी, अकरा वर्षं त्यांनी थेंब घेतला नव्हता. ती अकरा वर्षं त्यांच्या बायकोने कशी मोजली ते आम्हा चार मित्रांना माहीत. एका साखरपुड्यात यजमानांच्या मुलाने त्यांच्या हातात लाल पेला दिला. कोकमाचं सरबत समजून त्यांनी तोंडाशी नेला, वास आला, खाली ठेवला. “अहो, घरचीच आहे, याने काय होतंय!” असं तिघे-चौघे म्हणाले. एकाने पेला परत हातात दिला. ते काही न बोलता उठले आणि जेवण न घेता घरी गेले. नंतर मंडळी म्हणाली, फारच मनाला लावून घेतात बुवा. मला विचाराल तर त्या हॉलमध्ये शहाणा माणूस तो एकच होता.

तुमच्या घरी येणारा कोण कसल्या गोळ्या घेतो, कुणाच्या यकृताने कशाची खूण दिली आहे, कोण झोपेचं औषध घेतो, कुणी काय सोडलंय, हे तुम्हाला माहीत नसतं, आणि त्याने चारचौघांत का सांगावं? आमच्या वयात दहातले सातजण डबीतून गोळ्या काढूनच जेवायला बसतात. “नको” हे पूर्ण उत्तर आहे. त्याला कारण जोडायची सक्ती नाही.

तिसरी गोष्ट प्रवासाची. दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, त्यामुळे प्रत्येक राज्याचं वेगळं. बहुतेक ठिकाणी परवान्याशिवाय मद्य तयार करणं हाच गुन्हा, विका वा न विका. आणि बडोद्याच्या आपल्या माणसांचं तर बघायलाच नको. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे, परवान्याशिवाय बाटली जवळ असली तरी गुन्हा. बडोद्यात माझी नोकरीतली काही वर्षं गेली. एकदा गोव्याहून आलेल्या पाहुण्यांनी कौतुकाने सूटकेसमधून दोन बाटल्या काढल्या. घरमालकांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना आनंद झाला नव्हता, त्यांचा मुलगा सरकारी नोकरीत होता. भेट देणारा चार दिवसांनी गाडीत बसतो, जोखीम मात्र यजमानाच्या कपाटात राहते.

त्यातून आंबणं पूर्ण झालं नसेल आणि बूच घट्ट लावलं असेल तर आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत काचेची बाटली फुटली की काय होतं ते सांगायला नको. आणि कुकरला नळी लावून ‘घरी फेणी’ गाळायला निघालेल्यांना तर हात जोडून सांगतो, नको. गॅसच्या शेगडीजवळ अल्कोहोलची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण. आमचे भाटीवाले पिढ्यान्‌पिढ्या शिकून, उघड्यावर, परवाना घेऊन ते करतात.

इथे खोटी भीतीही नको. २०१५ ला मालवणीत, २०२२ ला गुजरातेत बोटादकडे जे बळी गेले ते मिथेनॉल असलेल्या विषारी दारूचे. बरणीतल्या द्राक्षाच्या वाइनची त्याच्याशी बरोबरी करणं अन्याय आहे. हौशी माणसाला गुन्हेगार म्हणू नका. पण हौशी माणसाने स्वतःला अन्नपूर्णाही समजू नये.

आता पुतणे मंडळी म्हणतील, “काका, तुम्ही आनंदावर विरजण घालताय. वाटण्यातच तर मजा आहे.” वाटण्यात मजा आहे, मान्य. पण खरं सांगा, पेला पुढे करताना तुम्हाला काय हवं असतं? “वा, काय झालीय!” हे ऐकायचं असतं. महिनाभर बरणीची राखण केली, त्याचं कौतुक हवं असतं. हवंच, त्यात गैर नाही. मग कौतुकासाठी पाहुण्याचं पोट का वापरता? बरणी दाखवा. बुडबुडे कसे येतात, गाळ कसा बसतो, रंग कसा उतरतो ते समजावून सांगा. मी तासभर बसून ऐकेन, न पिता. आमच्या गावात लोक भाटीवर निम्म्या वेळा गप्पा मारायलाच जात.

आणि द्यायचीच असेल तर रीत सोपी आहे. बाटलीवर चिठ्ठी लावा : काय आहे, कधी केली, साखर किती, अंदाजे किती टक्के. सरबताच्या ट्रेमध्ये ती ठेवू नका, वेगळ्या टेबलावर ठेवा. विचारा एकदाच. गाडी चालवणाऱ्याला विचारूच नका. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि पोलिसाला “घरचीच होती” सांगून दंड कमी होत नाही. शेजारी ताजं सोलकढीचं भांडं तेवढ्याच मानाने असू द्या, म्हणजे न घेणाऱ्याला कोपऱ्यात बसल्यासारखं वाटणार नाही.

आपली घरं दोनशे-दोनशे वर्षं परमुलखात टिकली ती एकमेकांच्या ओट्यावर विश्वासाने पाणी पिऊन. पाहुणा आपल्या हातचं काहीही न विचारता तोंडाला लावतो, ही आपली सगळ्यात मोठी ठेव आहे. ती एका बरणीसाठी मोडू नका.