घर विकायचंय? आधी कवेलू फेरा आणि कागद जुळवा, टाइल्सचं नंतर बघू

रामपायली (बालाघाट), प्रतिनिधी : कुलूप लागलेलं घर आपल्या भागात नवीन राहिलेलं नाही. मुलगा नागपुरात, मुलगी गोंदियाला, म्हातारे आई-वडील मुलाकडे. चंदन नदीकाठच्या रामपायलीत काय नि वैनगंगेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत काय, कथा तीच. कार्तिकातल्या जत्रेला किंवा कोणाच्या लग्नाला सगळे जमतात आणि ओसरीवर विषय निघतो, "घर विकून टाकू." त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतं, "विकायच्या आधी थोडं नीट करून घेऊ, भाव चांगला येईल."

पैसे बुडतात ते बहुतेक वेळा या दुसऱ्या वाक्यात.

ओळखीतल्या एका कुटुंबाचं उदाहरण सांगतो, नाव नको. दोघा भावांनी जुन्या घराला टाइल्स बसवल्या, बैठकीत पीओपी केलं, त्यासाठी उसनवारी केली. गिऱ्हाईक आलं. त्यानं टाइल्सकडे नीट पाहिलंही नाही. दोनच प्रश्न विचारले : घर कोणाच्या नावावर आहे, आणि बहिणीची सही होणार का? घर अजून वडिलांच्या नावावर होतं, वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. बहिणीला तर कोणी विचारलंच नव्हतं. सौदा थांबला. पुढच्या पावसात छत गळलं आणि पीओपीला डाग पडले.

साधा हिशेब मांडू. समजा, घर आहे तसं दहा लाखांना जातं. तुम्ही तीन लाख लावले आणि गिऱ्हाईकानं त्यापायी एक लाख वाढवून दिला, तर तुम्ही दोन लाखांनी मागे गेलात. उलट पंचवीस हजार लावून घर गळकं दिसत नसेल आणि घासाघीस पन्नास हजारांनी कमी झाली, तर तुम्ही पुढे. आकडे समजुतीसाठी आहेत, पण नियम खरा आहे. विकायच्या घराला सजवायचा खर्च क्वचितच वसूल होतो. गिऱ्हाईकाच्या मनातली भीती काढणारा खर्च मात्र वसूल होतो.

गिऱ्हाईक राहणार की पाडणार?

पैसा लावायच्या आधी हे ठरवा. मातीच्या भिंतीचं, कवेलूचं घर रस्त्याला लागून असेल, तर घेणारा बहुधा जागा घेतोय. तो घर पाडून पक्कं बांधेल. अशा घराला रंग लावणं म्हणजे उद्या पडणाऱ्या भिंतीला लावणं. तिथं गवत-झुडूप काढा, पडका गोठा साफ करा आणि चारही हद्दी शेजाऱ्यांसमोर मोजून खुणा पक्क्या करा. बस.

घेणारा राहायला येणार असेल, तर कमी पैशात करण्यासारखी कामं क्रमानं अशी :

पहिलं पाणी. कवेलू फेरून घ्या, फुटके बदला, स्लॅब असेल तर भेगा भरून गच्चीचं पाणी वाहून जाईल असं करा. भिंतीला पायथ्याकडून ओल चढत असेल तर आधी पागोळीचं आणि मोरीचं पाणी भिंतीपासून दूर काढा. ओल थांबल्याशिवाय रंग लावला तर एका पावसाळ्यात पोपडे सुटतात.

दुसरं वीज. लोंबकळणाऱ्या तारा, जळालेले बोर्ड बदला, एमसीबी बसवा, थकीत बिल भरा. प्रत्येक खोलीत दिवा लागला पाहिजे. बंद घरात अंधार असला की चांगलं घरसुद्धा पडकं वाटतं.

तिसरं संडास-बाथरूम आणि स्वयंपाकघर. घर बघायला घरची बाई आली की ती इथंच थांबते. टपकणारे नळ, तुंबलेली मोरी, तुटकं दार एवढं दुरुस्त करा. नवीन ओटा नको.

चौथं, चुना किंवा साधा डिस्टेंपर, तोही फिक्या रंगाचा. दारं-खिडक्या उघडतील, कड्या लागतील, फाटक कुरकुरणार नाही हे बघा. पाचवं तर फुकटाचं : जुनी गादी, मोडकी खाट, तुटलेली सायकल बाहेर काढा. खोली रिकामी असली की मोठी दिसते.

वेळही महत्त्वाची. आपल्याकडे धान विकलं की लोकांच्या हातात पैसा येतो. म्हणून कवेलूचं काम पावसाच्या आधी आणि रंगाचं दसरा-दिवाळीच्या सुमारास झालं की घर बरोबर वेळेवर तयार होतं.

झाकू नका

ओल, वाळवी, तडा रंगाखाली दडपून घर विकायचा मोह होतो. करू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत कळणार नाही असा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. मालकी हक्कातल्या दोषालाही हेच लागू. तडा दाखवून दहा हजार कमी घेतलेले बरे, नंतर कोर्टाच्या पायऱ्या नकोत.

कागदाची डागडुजी

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी तुटल्या नाहीत, पण कागदाची भाषा बदलली. गोंदियात राहणाऱ्या आणि रामपायलीत घर असलेल्या माणसाचा इथंच गोंधळ होतो. तिकडे गावठाण म्हणतात ती इकडे आबादी. तिकडे तलाठी आणि फेरफार, इकडे पटवारी आणि नामांतरण. तिकडे रेडी रेकनर, इकडे कलेक्टर गाइडलाइन. रजिस्ट्री घर जिथं आहे तिथल्या राज्याच्या नियमानं होते, तुम्ही राहता तिथल्या नाही. मध्य प्रदेशात ती आता संपदा २.० या ऑनलाइन पद्धतीनं होते. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली.

आबादीतल्या घरांना पूर्वी शेतीसारखा मालकीचा कागद बहुधा नसायचा. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना आली, ड्रोननं गावं मोजली गेली. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही सुरुवातीच्या राज्यांत होते. १८ जानेवारी २०२५ ला देशभरात ६५ लाखांहून जास्त कार्डं एकाच दिवशी वाटली गेली. महाराष्ट्रात या कागदाला सनद किंवा मालमत्ता पत्रक म्हणतात, मध्य प्रदेशात अधिकार अभिलेख. घर बंद आणि मालक परगावी असेल, तर या कागदावर नाव कोणाचं लागलं आणि क्षेत्रफळ किती आलं हे स्वतः जाऊन बघा. चूक असेल तर गिऱ्हाईक यायच्या आधी दुरुस्तीचा अर्ज द्या. घेणारा बँकेचं कर्ज काढणार असेल, तर बँक हाच कागद आधी मागेल.

आणि बहिणी. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ ला दुरुस्ती झाली, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात होते की नाही यावर हा हक्क अवलंबून नाही. वडिलांच्या स्वतःच्या कमाईचं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरी मुलगी वारस आहेच. तेव्हा "तिला लग्नात दिलं ना" हे रजिस्ट्रीच्या टेबलावर चालत नाही. ताईला शेवटच्या दिवशी सहीपुरतं बोलावू नका, पहिल्या बैठकीत बोलवा.

कराचा हिशेब

गावची शेती विकली तर बहुधा भांडवली नफ्याचा कर नाही. म्हणून घरालाही नाही, असं बरेच जण धरून चालतात. घर शेतीत मोडत नाही. वारसाच्या घरात आधीच्या मालकाची खरेदी किंमत धरली जाते. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत घेता येते. नवीन खोली, स्लॅब, आवारभिंत असा कायमचा खर्च नफ्यातून वजा होऊ शकतो, पण पक्कं बिल हवं. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती सहसा त्यात बसत नाही. दुसरं घर घेणार असाल तर सवलत मिळू शकते, सौद्याआधी सीएला विचारा.

बयाणा असो की इसार, वीस हजार किंवा जास्त रक्कम रोखीनं घेऊ नका. घेतलेल्या रकमेइतकाच दंड लागू शकतो. चेक किंवा खात्यात घ्या.

त्या दोन भावांचं घर शेवटी विकलं गेलं. बहिणीला वाटा देऊन सह्या झाल्या, वारसांची नावं चढली, मग सौदा झाला. टाइल्सचे पैसे आले नाहीत. या दिवाळीत घर विकायला काढणार असाल तर हातात दोन याद्या ठेवा, एक मिस्त्रीची आणि एक पटवाऱ्याची. सुरुवात दुसऱ्या यादीनं करा.