गुडघ्याचे ओझे तिसऱ्या चाकावर

साइडकार म्हटली की ‘शोले’तले जय-वीरू आठवतात. प्रत्यक्षात ती जोडून घेण्याचे कारण अनेकदा गुडघ्यात असते. धावती दुचाकी आपला तोल बराचसा सांभाळते. सिग्नलला थांबली की सारा भार चालकाच्या पायावर. पोलिओ झालेला किंवा सांधे झिजलेला माणूस नेमका तिथेच पडतो.

पण तिसरे चाक लावले की गाडी आपोआप सुरक्षित होते, हा गैरसमज. ती वळणावर झुकत नाही. आपल्याकडे साइडकार डावीकडे असते, त्यामुळे वेग वाढवला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक दाबला की उजवीकडे. डावे वळण जोरात घेतले तर साइडकारचे चाक चक्क उचलले जाते. ती रिकामी असेल तर विचारूच नका. मुरलेल्या बुलेटवाल्यालाही हे नव्याने शिकावे लागते.

आपले बरेच डॉक्टर मात्र ‘गाडी बंद करा’ एवढे सांगून मोकळे होतात. ज्याचे दूधवाटप गाडीवर चालते, त्याने काय करायचे? नजर आणि सावधपणा शाबूत असेल, तर तिसरे चाक, त्याची आरटीओकडे नोंद आणि साइडकारमध्ये वजन ठेवून मोकळ्या मैदानात सराव, हेही त्याला सांगायला हवे.